ब्रिजेटचं कोरल आणि माझे संशयित

११ जानेवारी
ब्रिजेटला विमानतळावर सोडून आलो. पोरगी चालली अलास्काला, खेकडे पकडणाऱ्या जहाजावर स्वयंपाक करायला. परत येणार मे महिन्यात. जाताना तिची काचेची टाकी आमच्या हॉलमध्ये ठेवून गेली. खारं पाणी, खडक, थोडे मासे, कोळंब्या, गोगलगायी, आणि मधोमध तिचं ते हिरवं हॅमर कोरल, म्हणजे प्रवाळ. तेरा वर्षांची होती तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा आणला होता. आता कोबीच्या गड्ड्याएवढं झालंय. प्रत्येक बोंडाला लांब मऊ बोटं, बोटांच्या टोकाला इवली इवली हातोडी. दिवसभर डुलत असतं.

मुद्दा असा की ते तिने माझ्याकडे सोपवलं. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. मागच्याच्या मागच्या थँक्सगिव्हिंगला मी तिच्या मित्राला पायऱ्यांवरून ढकलून दिलं, त्याचा राग. पायऱ्या तीनच होत्या. असो. मे महिन्यात कोरल दीडपट झालेलं दिसलं पाहिजे. तिने दारात उभं राहून म्हटलं पाहिजे, डॅड, मानलं तुला. एवढंच हवंय मला. बाकी काही नको.

सूचना देऊन गेली: खायला घाल, आटेल तेवढं पाणी भर, आणि डॅड, प्लीज, आत हात घालू नकोस. काही बिघडलं तर समोरच्या डॉ. फेन्स्केला हाक मार.

फेन्स्के दातांचा डॉक्टर. आमच्या फोर्ट वेन शहरातल्या कोरल क्लबचा अध्यक्ष. मला 'झुरळसम्राट' म्हणतो. त्याला हाक मारण्यापेक्षा मी स्वतः टाकीत राहायला जाईन.

तीस वर्षं पेस्ट कंट्रोल करतोय. कोण पोखरतंय ते ओळखायचं आणि ठेचायचं. एक कोरल सांभाळणं म्हणजे माझ्यासाठी सुट्टी आहे.

१८ जानेवारी
कोरलची बोटं जरा आखडल्यासारखी वाटली. आळस असावा. दिव्याचा उजेड पूर्ण वाढवला. झाडाला ऊन लागतंच. नादीन म्हणाली, अरे ते झाड नाही, प्राणी आहे. बायकोशी वाद घालत नाही मी. पण जो प्राणी जागचा हलत नाही तो झाडच.

कोरल जरा डावीकडे सरकवलं. मग परत उजवीकडे. हात घालू नकोस म्हणजे उगाच घालू नकोस, असा त्याचा अर्थ.

२३ जानेवारी, संध्याकाळी ६
खून!

कामावरून आलो तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी आडवी. ब्रिजेटची लाडकी. मासे साफ करायची, माझ्या बोटावरही चढायची. दिवसभर एका हॉटेलच्या किचनमध्ये झुरळांवर फवारा मारून आलो होतो, जेवलोही नव्हतो, तरी युनिफॉर्म न बदलता थेट टाकीत कोपरापर्यंत हात घातला. घटनास्थळाची पाहणी ताबडतोब झाली पाहिजे, हा माझा नियम आहे.

निळ्या पायांचा, शंखात राहणारा खेकडा प्रेताशेजारी बसून प्रेत खात होता. रंगेहाथ! नादीन म्हणाली, आधी हात धू मग जेवायला बस. हात धुतले. जेवणाआधी.

२४ जानेवारी, सकाळी
आरोपीला फाशी. म्हणजे हातोडी. ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ केला, त्याला मधोमध ठेवला, एक घाव. शंखाचे तुकडे नादीनच्या गाडीपर्यंत उडाले. बरं वाटलं.

समोर फेन्स्के बर्फ उपसत होता. फावडं टेकून म्हणाला, काय झुरळसम्राट, नाश्ता का? मी म्हटलं, न्यायदान. तर मला शिकवायला लागला. म्हणे, तो खेकडा मेलेलं खातो, मारत नाही, स्मशानातला माणूस तो, त्याला कशाला मारलंस? वर विचारतो, टाकीत हात घालतोस तेव्हा हाताला काय लागलेलं असतं? मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही लोकांच्या तोंडात बघा, माझ्या हाताकडे नको.

२ फेब्रुवारी
दुसरी कोळंबी गेली. गोगलगायी उताण्या. कोरलच्या एका बोंडावरचं मांस वर सरकलं, खालचं पांढरं हाड दिसतंय. म्हणजे खेकडा एकटा नव्हता. टोळी आहे.

ब्रिजेटचा व्हिडिओ कॉल आला. मागे लाटा, तोंडावर मीठ, पण खूश दिसली. मी फोन माशांकडे धरला. कोरल दाखव म्हणाली. मी म्हटलं, नेट अडकतंय. म्हणाली, डॅड, हात नाही ना घालत? अजिबात नाही, असं मी ठामपणे सांगितलं. तेव्हा फोन डाव्या हातात होता. उजवा टाकीत होता.

फोन ठेवताना ती म्हणाली, थँक्स डॅड. बऱ्याच वर्षांनी म्हणाली. कोण असेल तो, त्याला सोडणार नाही मी.

७ फेब्रुवारी
मुख्य सूत्रधार सापडला. खडकाच्या बिळातून टक्-टक् आवाज येतो. इंटरनेटवर वाचलं: ठोसा मारणारी कोळंबी असते, एका दणक्यात शिंपला फोडते, कोळ्यांची बोटं फोडते. अशी व्यक्ती आपल्या हॉलमध्ये राहत होती आणि आपण तिच्यासमोर बास्केटबॉल बघत होतो.

दुपारी हल्ला चढवला. आधी बिळात सुरी. मग सिरिंजने उकळतं पाणी. टक्-टक् चालूच. मग तो खडकच उपटून जमिनीवर घेतला आणि छिन्नी-हातोडीने फोडायला बसलो. तिसऱ्या घावाला आरोपीने माझ्या अंगठ्यावर वार केला. नख दुभंगलं, रक्ताची चिळकांडी भिंतीवर.

नादीनचं म्हणणं, हातोडी तुझ्याच हातात होती. ती किचनमध्ये होती, तिला काय दिसणार.

टाके पडले. नर्सने विचारलं, कशाने झालं? मी म्हटलं, कोळंबी. तिने परत विचारलं. मी परत सांगितलं. तिने लिहिलं नाही.

घरी आल्यावर आरोपी गालिच्यावर सापडला. करंगळीएवढा. एक पंजा मोठा, वाजवणारा. बुटाखाली घेतला. फेन्स्के नादीनला म्हणाला म्हणे, ती नुसती चुटक्या वाजवणारी होती, कोणाच्या वाटेला जात नाही बिचारी. सगळे गुन्हेगार बिचारेच असतात त्याला.

१५ फेब्रुवारी
कोरल बरं नाही. तीन-चार बोंडांवर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी. वास असा की नादीनने जेवणाचं ताट उचललं आणि बेडरूममध्ये जाऊन जेवली.

निदान: सडणं. उपाय: कापणं. गॅरेजमधून लोखंड कापायची करवत आणली. कोरल बाहेर काढून किचनच्या ओट्यावर, टॉवेलवर ठेवलं. पाणी नसलं की किती लहान दिसतं. लोळागोळा. करवत लावली तेव्हा दातांखाली खडू दळल्यासारखा आवाज. कोरल ओरडत नाही, त्यामुळे किती कापावं ते कळत नाही. सडलेलं कापलं, शेजारचं चांगलंही कापलं, खबरदारी म्हणून. मनगटाला त्याचा डंख बसला, हात सुजून पावासारखा झाला. मी ओरडलो. नादीन आली, तिने ओटा बघितला आणि तोंडावर हात धरला.

म्हणाली, मर्ल, फेन्स्केला बोलावू का? मी म्हटलं, ऑपरेशन यशस्वी झालंय.

काही घाव जास्त लागले असतील. राग आला की माझा हात जड होतो. लहानपणी ब्रिजेट टाकीसमोर पोटावर झोपून त्याच्याशी बोलायची. आज एकदम तेच आठवलं, करवत चालू असताना. तरी थांबलो नाही.

२६ फेब्रुवारी
पिवळा मासा! हाच! कापलेल्या जागी चोच मारताना प्रत्यक्ष पाहिला. जाळीने सापडेना, वाळूत घुसून बसायचा. शेवटी गळ टाकला. हॉलमध्ये सोफ्यावर बसून मासा पकडणारा इंडियाना राज्यातला मी पहिलाच असेन.

डोकं उडवलं, लोण्यात तळला. शत्रू खाल्ला की सगळ्यांना संदेश जातो. चव वाईट होती. तरी शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ला.

नादीन बॅग भरून बहिणीकडे मन्सी गावी गेली. जाताना म्हणाली, त्या टाकीत जे कोणी उरलंय त्यांना कळलंय खुनी कोण ते, तुला तेवढं कळलं की मला फोन कर. तिचा रोख कोणाकडे होता कळलं नाही. मासे दोनच उरलेत. संशयास्पद दोघंही.

८ मार्च
हरामखोर फेन्स्के.

सविस्तर लिहितो. आज माजी सैनिकांच्या हॉलमध्ये कोरल क्लबचा वसंत बाजार होता. लोक आपापल्या कोरलचे तुकडे डब्यांत घालून आणतात, विकतात, बदलतात. मी गेलो ते वेगळ्या योजनेने. तसंच हिरवं, तेवढंच मोठं हॅमर कोरल मिळवायचं आणि टाकीत बसवायचं. ब्रिजेटला कळणार नाही. प्रत्येक बोंड काय ओळखते की काय ती.

ओळखते, असं टेबलावरची बाई म्हणाली. आईला पोर कळतं तसं कळतं म्हणे. मी तिला आमच्या कोरलचा फोटो दाखवला, फक्त रंग जुळवायला. बाईचा चेहरा पडला. तिने शेजारच्याला दाखवला, त्याने त्याच्या शेजारच्याला. बघता बघता गर्दी, आणि गर्दीतून फेन्स्के. चष्मा कपाळावर चढवून फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. शनिवार असून अर्धा दिवस काम होतं, युनिफॉर्मवरच गेलो होतो.

सगळ्यांसमोर म्हणाला, मर्ल, आधी कोळंब्या मेल्या ना? मग गोगलगायी? हे कीटकनाशक आहे. दिवसभर फवारतोस आणि त्याच बाह्या पाण्यात बुडवतोस. खुनी शोधतोयस ना दीड महिना? सापडला बघ. शर्टावर नाव शिवलंय त्याचं.

लोक हसले नाहीत. हसले असते तर मी सोडून दिलं असतं. सगळे माझ्या खिशावरचं नाव वाचायला लागले.

मी मारलं. सरळ तोंडावर, पूर्ण खांदा घालून. फेन्स्के राजमा-खिम्याच्या चिलीच्या पातेल्यावर पडला, पातेलं टेबलावर, टेबल टाक्यांवर. खारं पाणी, बीन्स, कोरल, सगळं जमिनीवर एकत्र. एक सत्तर वर्षांचा आजोबा माझ्या पाठीवर चढला आणि कान चावला. खजिनदार बाईने बर्फाच्या पेटीचं झाकण डोक्यात घातलं, एकदा नाही. मीही दोघांना लोळवलं. फेन्स्के उठला तेव्हा पुढचा दात तुटलेला. दातांच्या डॉक्टरचाच! एवढं एक समाधान.

क्लबमधून तहहयात बंदी. मी सभासद कधी नव्हतोच, त्यामुळे तिला काही अर्थ नाही.

९ मार्च
कान ठणकतोय. शांतपणे विचार केला.

आमचं औषध पाळीव प्राण्यांना सुरक्षित आहे. डब्यावर हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र आहे. कोरल पाळीव आहे की नाही? आहे. मग विषय संपला.

ब्रिजेटचा कॉल आला. उचलला नाही. कान दुखत होता म्हणून. परत आला. परत दुखला.

१४ मार्च
कोबीएवढ्या कोरलचं आता एकच बोंड जिवंत आहे. अक्रोडाएवढं. पण बोटं अजून बाहेर काढतं, सकाळी जरा वेळ. ते बघायला लवकर उठतो मी आजकाल. काल त्याला म्हटलं, मे महिन्यापर्यंत दम धर रे राजा. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे बोललो तरी चालतं.

हे एक बोंड वाचलंच पाहिजे. ब्रिजेट आली आणि टाकी रिकामी दिसली तर ती परत दारात पाय ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. तिच्या आईला ख्रिसमसला येऊन भेटेल, ड्राइव्हवेमध्ये, गाडी चालू ठेवून.

निर्णायक निदान: रोग खडकांत लपलाय. घरात ढेकूण झाले तर आपण गादी उकळत्या वाफेने धुतो. इथेही तेच. उद्या सगळे खडक उकळणार. शेवटचं बोंड तोपर्यंत बादलीत. बादली स्वच्छ आहे, कंपनीची आहे, औषध कालवायची, पण दोनदा विसळून घेतली.

१५ मार्च, सकाळी
नादीनचं थँक्सगिव्हिंगचं टर्कीचं पातेलं काढलं. खडक आत, गॅस मोठा. खडकांवर बटणासारखी रंगीत फुलं चिकटलीत, कोरलचीच जात, तीही शिजतील. आवर्जून दोन खडकांवरची सुरीने खरवडली. एकही जिवंत सुटता कामा नये.

वाफ भरपूर. तोंडात नाणं चघळल्यासारखी चव येतेय. विजयाची असेल.

खोकला येतोय जरा. बस

१९ मार्च
हॉस्पिटल. हाताला सलाईन लावलंय, अक्षर वाईट.

त्या बटणफुलांत विष असतं. उकळली की वाफेतून छातीत जातं. हे क्लबमधल्या प्रत्येकाला माहीत असतं म्हणे, पहिल्याच आठवड्यात सांगतात. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही हा वेगळा मुद्दा.

मी किचनच्या जमिनीवर रांगत होतो. छातीवर ट्रक उभा. वाटलं, संपलो. खिडकीतून फेन्स्केने पाहिलं. वाफ पाहिली, पातेलं पाहिलं, ओळखलं. तोंडावर ओला टॉवेल बांधून आत आला, गॅस बंद केला, माझे पाय धरले आणि पायऱ्यांवरून फरफटत बर्फात नेलं. प्रत्येक पायरीवर डोकं आपटलं. तीनही पायऱ्यांवर. मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. वाटलं तरी सिद्ध करता येणार नाही.

नादीन मन्सीहून आली. रडली, मग माझ्या दंडावर जोरात फटका मारला, मग परत रडली. म्हणाली, ब्रिजेटला कळवलंय, जहाज बंदरात होतं, निघालीय ती.

मी विचारलं, बोंड? बादलीतलं?

नादीनने माझं पांघरूण सारखं केलं.

२१ मार्च
ब्रिजेट आली. हॉस्पिटलमधून तीच घरी घेऊन आली. हात खरबरीत झालेत पोरीचे. हॉलमध्ये टाकीसमोर उभी राहिली. गढूळ पाणी, तळाला वाळू, मासा एकही नाही. मग बादलीजवळ गेली, वाकून आत बघितलं. मी वाट बघत होतो, आता फेकेल काहीतरी. मी तयार होतो. माझी बाजू तयार होती: औषधावरचं कुत्रं, खेकडा, पिवळा मासा, सगळं क्रमाने सांगायचं होतं.

ती म्हणाली, चल डॅड, जरा समोर जाऊन येऊ.

फेन्स्केच्या तळघरात गेलो. भिंतभर टाकी. आणि मधोमध हिरवं हॅमर कोरल, टम्म फुगलेलं, एकेक बोट करंगळीएवढं, डुलत. मी ओळखलं. बाजारातल्या त्या बाईचं खरं होतं, ओळखू येतं.

ब्रिजेटने सांगितलं. जायच्या आधी तिने कोरलचे दोन भाग केले होते. एक मला, एक फेन्स्केला. कोरलवाल्यांची रीतच आहे म्हणे, एक तुकडा नेहमी विश्वासाच्या माणसाकडे ठेवायचा. घरातलं काही झालं तर तिकडचं असतं. मी विचारलं, मग विश्वासाचा माणूस कोण, तो की मी? ती म्हणाली, डॅड, आता नको.

मी मुद्दा मांडला. कोरल एकच, तुकडे केले तरी जीव तोच. म्हणजे तिचं कोरल मेलेलंच नाही. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर नुकसान शून्य. ब्रिजेटने पंपाची वायर सरळ केली.

फेन्स्केच्या ओठांना अजून सूज आहे. तात्पुरता दात बसवलाय, जरा मोठा झालाय. तो मला ओरडला नाही. जवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं, श्वास लागतो मला अजून. मग कात्री घेतली आणि ब्रिजेटला विचारलं, यातलं एक बोंड काढून देऊ का तुझ्या वडिलांना? लहानसं. मी लक्ष ठेवेन, रोज येऊन बघेन.

मी हात पुढे केले होते. आज धुतलेले होते, हॉस्पिटलच्या साबणाने, कोपरापर्यंत.

ब्रिजेट नको म्हणाली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. हळू म्हणाली, माझ्याकडे न बघता. मग मला दंडाला धरून उठवलं आणि जिना चढताना माझ्या मागे राहिली, मी पडू नये म्हणून.